मधल्या पायरीवरची स्की



चैत्रातल्या या उकाड्यात बर्फावर घसरण्याच्या साधनाविषयी बोलायचे, याचे आपल्यापैकी काहींना हसू येईल. कामगार चळवळीतल्या माणसाने या श्रीमंती खेळावर का बोलावे, असेही कोणी विचारील. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. या सभागृहात असे पुष्कळ आईबाप बसले आहेत की ज्यांची मुले म्युनिकला, झ्युरिकला किंवा अमेरिकेत डेन्व्हरला नोकरी करतात. ती मुले तिशी-पस्तिशीला हा खेळ शिकतात, दोन-तीन हिवाळे भाड्याच्या सामानावर काढतात, आणि मग स्वतःची जोडी विकत घ्यायला दुकानात शिरतात. मी स्वतः चाळिशी उलटल्यावर गुलमर्गला शिकलो आणि आज मधल्याच पायरीवर आहे. पुढे जाईन असे वाटत नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की मी मुळात फिटर. हत्यार हातात आले की ते कोणासाठी केले आहे हे पाहिल्यावाचून मला राहवत नाही. आणि 'श्रीमंती खेळ' म्हणाल, तर त्याची कुळकथा जरा निराळी आहे.

नॉर्वेच्या टेलेमार्क भागात मॉर्गेडाल नावाचे गाव आहे. तिथे 1825 साली सोंद्रे नॉर्हाइम जन्मला. घरचा गरीब; दुसऱ्याच्या जमिनीवर राबणाऱ्या कुळांपैकी एक. टाच पट्टीवर धरून ठेवणारी बांधणी आणि मध्ये बारीक, दोन्ही टोकांना रुंद अशी स्की, या दोन सुधारणांचे श्रेय त्याला देतात. पुढे 1884 साली तो अमेरिकेला गेला आणि 1897 साली तिकडेच वारला. फ्रान्समधला आबेल रॉसिन्योल हा कापडगिरण्यांसाठी लाकडी सामान करणारा सुतार. 1907 साली त्याने स्की करायला घेतल्या. व्हिएन्नात 1895 साली समाजवादी मंडळींनी 'निसर्गमित्र' ही संघटना काढली, ती कामगाराला रविवारी डोंगरावर नेण्यासाठी. पुढे ऑस्ट्रियाचा अध्यक्ष झालेला कार्ल रेनर तिच्या संस्थापकांत होता. 1934 साली कामगार चळवळ चिरडली गेली तेव्हा या संघटनेवरही बंदी आली. तेव्हा हे हत्यार आपल्यासारख्यांच्याच हातून घडले आहे, ते आपल्याला कळणार नाही असे मानण्याचे कारण नाही.

आता मधली पायरी म्हणजे कोणती, हे आधी ठरवू. युरोपात उताराला रंग असतात : निळा सोपा, तांबडा मध्यम, काळा कठीण. (अमेरिकेत हिरवा सोपा आणि निळा मध्यम, त्यामुळे "मी निळ्यावर उतरतो" हे वाक्य म्युनिकहून आले की डेन्व्हरहून, हे पाहून त्याचा अर्थ करावा.) जो निळ्या उतारावर दोन्ही पाय समांतर ठेवून निर्धास्त वळतो, तांबड्यावर उतरतो खरा पण उभा भाग आला की ज्याची वळणे फरफटतात, आणि ताजा भुसभुशीत बर्फ लागला की जो अडखळतो, तो मधल्या पायरीचा. खेळणाऱ्यांत असेच लोक पुष्कळ. आणि दुकानात चुकीचा माल बहुधा याच्याच गळ्यात पडतो. नवशिक्या भाड्याने घेतो, उस्तादाला काय हवे ते ठाऊक असते. मधल्याला चार शब्द कळू लागलेले असतात, म्हणून त्याची स्तुती करता येते. "आता तुम्हाला जरा वरच्या दर्जाची स्की शोभेल," एवढे वाक्य पुरते.

त्याला जी विकतात तिचे नाव ऑल-माउंटन, म्हणजे सगळ्या डोंगरावर चालणारी. यंत्राने दाबून सपाट केलेला उतारही तिने करावा आणि कडेचा मऊ बर्फही. हे नाव म्हणजे तडजोड आहे, आणि प्रत्येक तडजोडीत विचारायचे ते इथेही विचारावे : कोणाला किती मिळाले? याचे उत्तर एका आकड्यात असते. पायाखाली स्की किती रुंद आहे, त्या मापाला कंबर म्हणतात. स्कीवर 127-84-110 असे तीन आकडे छापलेले असले तर मधला 84 मिलिमीटर ही कंबर. साधारण 75च्या आसपासची कंबर केवळ दाबलेल्या उतारासाठी. 80 ते 90 ची स्की बहुतेक वेळ दाबलेल्या उतारावर आणि मधूनमधून बाहेर. 95 ते 105 ला निम्मा वेळ तरी मऊ बर्फ हवा. त्याच्या पुढच्या खोल बर्फाच्या.

रुंद स्की मऊ बर्फात बुडत नाही, हे कोणालाही पटते. कठीण बर्फावर ती का छळते, हे मात्र थोडे समजून घ्यावे लागते. स्की वळते ती कडेवर कलंडून. दोन्ही बाजूंना पोलादी कडा असते. पाय कलवला की ती कडा बर्फात रुतते, आणि कंबर बारीक असल्यामुळे स्की दाबाखाली कमानीसारखी वाकून वर्तुळाच्या तुकड्यावर धावते. कंबर जितकी रुंद, तितकी ही कडा पायाच्या मध्यापासून दूर. म्हणजे तरफेचा हिशेब आला. बूट कलवायला जास्त जोर, तो जोर येणार घोट्यातून आणि गुडघ्यातून, आणि एका कडेवरून दुसऱ्या कडेवर यायला वेळही जास्त. उस्ताद वेगाच्या बळावर हे निभावतो. मधल्या पायरीच्या माणसाकडे तो वेग नसतो.

माझ्या ओळखीचा एक मुलगा म्युनिकला आहे. उंची 170 सेंटिमीटर, वजन 68 किलो, वर्षाला दहा-बारा दिवस आल्प्समध्ये जातो, तेही शनिवार-रविवारी, गर्दीने घासून काढलेल्या उतारांवर. त्याला एका दुकानाने 104 कंबरेची, 184 सेंटिमीटर लांबीची, आत धातूचे दोन पत्रे घातलेली स्की दिली. भिंतीवर तिचेच चित्र होते : कमरेएवढ्या बर्फातून उडणारा माणूस. दोन दिवसांनी त्याचे गुडघे धरले आणि पोरगा समजला की आपलेच तंत्र बिघडले. त्याच्या शनिवार-रविवारांना 80 ते 86 ची कंबर आणि 164-168 ची लांबी पुष्कळ झाली असती. तोच मुलगा गुलमर्गला येता तर माझे उत्तर निराळे असते. तिथे पाळण्याचा दुसरा टप्पा आफरवाटवर 3,900 मीटरांच्या वर नेऊन सोडतो, आणि खाली येणारा बहुतेक बर्फ कोणी दाबलेला नसतो. तिथे 95 ते 105 ची कंबर वावगी नाही; पण मधल्या पायरीच्या माणसाने त्या टप्प्यावर वाटाड्याशिवाय जाऊ नये, कारण तिथे हिमप्रपाताचा प्रश्न येतो आणि तो स्कीच्या रुंदीने सुटत नाही.

लांबीचा मोह जुना आहे. एके काळी दोन मीटर आणि वर लांबीची स्की हेच मोठेपणाचे माप होते. 1950 साली अमेरिकेत विमान कारखान्यातला अभियंता हॉवर्ड हेड याने ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये लाकूड घालून स्की बाजारात आणली. ती इतकी सहज वळे की लोक तिला 'लबाड' म्हणू लागले, जणू सोपे करणे हा गुन्हाच! 1993 साली स्लोव्हेनियाच्या एलान कारखान्याने टोकांना खूप रुंद आणि कमरेला बारीक अशी स्की आणली, आणि मग काही वर्षांत मोठ्या माणसांची लांबी दोन मीटरांवरून 165-175 वर आली. त्याआधी किती पिढ्यांनी आपल्या वजनाला न पेलणाऱ्या फळ्या केवळ अभिमानापायी ओढल्या असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. आज मधल्या पायरीच्या माणसाने स्की उभी करून तिचे टोक हनुवटी आणि नाक यांच्या दरम्यान येते की नाही हे पाहावे. वजन जास्त किंवा वेग जास्त असेल तर नाकाकडे, हलक्या आणि सावध माणसाने हनुवटीकडे. पुढचे टोक आधीपासूनच उचललेले असेल, ज्याला रॉकर म्हणतात, तर त्या टोकाची कडा कठीण बर्फाला टेकतच नाही; अशी स्की चार-पाच सेंटिमीटर लांब चालते. उंची हे केवळ सोयीचे माप आहे. स्कीला खरे जाणवते ते वजन.

ताठपणाचा आकडा मात्र स्कीवर छापलेला नसतो, तो हाताने पाहावा लागतो. मागचे टोक जमिनीवर टेकवा, पुढचे टोक एका हाताने धरा आणि दुसऱ्या हाताने मध्यावर दाबा. दोन-तीन जोड्या अशा दाबल्या की फरक कळतो. मधल्या पायरीला लाकडी गाभा आणि काचतंतूचे थर पुरतात. धातू असलाच तर पातळ किंवा अर्धवट. दुकानदार 'टायटनाल' म्हणेल आणि गिऱ्हाइकाला वाटेल टायटॅनियम. ते ॲल्युमिनियमचे मिश्रण आहे. चांगले आहे, स्कीची थरथर मारते. पण वाकवायला वेग आणि वजन मागते. न वाकलेली स्की वळत नाही, सरळ जाते. बायकांसाठी म्हणून निराळ्या स्की असतात, हलक्या आणि नरम. वजनदार, जोरात उतरणाऱ्या बाईने त्या घेतल्याच पाहिजेत असे नाही, आणि हलक्या पुरुषाने त्या घेऊ नयेत असेही नाही.

आता बांधणीविषयी, आणि इथे मी जरा थांबणार आहे. बूट स्कीला जोडणारी ही कळ पडताना सुटावी लागते आणि उतरताना सुटू नये. ती किती जोराला सुटावी याचा आकडा ठरवायचे कोष्टक आहे, आंतरराष्ट्रीय मानकाचे. त्यात वजन, उंची, वय आणि बुटाच्या तळव्याची लांबी मोजून भरतात. पाचवी गोष्ट गिऱ्हाइकाने आपल्या तोंडाने सांगायची असते : तुम्ही पहिल्या प्रकारचे, सावध, दुसऱ्या प्रकारचे, मध्यम, की तिसऱ्या प्रकारचे, जोरात उतरणारे? तिसरा म्हटला की आकडा चढतो, म्हणजे कळ उशिरा सुटते. आणि इथेच, मित्रांसमोर, बायकोसमोर, पस्तिशीतला पुरुष हटकून 'तिसरा' म्हणतो. कारखान्यात यंत्राचा संरक्षक दांडा बाजूला करून काम करणारे पुष्कळ पाहिले आहेत. तेही भ्याडपणा नको म्हणूनच. पन्नाशी गाठलेल्या माणसाला कोष्टक आपण होऊन एक पायरी खालचा आकडा देते. वय लपवून तो घालवू नका. हेही लक्षात ठेवा की या बांधण्यांमुळे नडगीची हाडे मोडण्याचे प्रमाण 1970 नंतर पुष्कळ उतरले, पण गुडघ्याच्या आतला बंध त्यांनी तितका वाचवला नाही. पिळाच्या काही पडण्यांत कळ सुटण्याआधीच तो बंध तुटतो. म्हणून वाजवीपेक्षा रुंद, ताठ आणि लांब स्की घेऊन गुडघ्यावर आणखी बोजा टाकणे हा महागाचा अभिमान आहे.

खर्चाचा क्रमही उलटा लागतो. पहिले पैसे बुटावर घाला, स्कीवर नंतर. बूट पायाच्या सेंटिमीटरांतल्या लांबीवर घ्यायचा, बोटे पुढे जेमतेम टेकतील आणि टाच उचलणार नाही असा. त्याच्या ताठपणाचे 80, 90, 100 असे आकडे असतात, पण एका कारखान्याचा 100 म्हणजे दुसऱ्याचा 100 नव्हे, तेव्हा पाय घालूनच पाहा. वर्षाला आठ-दहा दिवसांहून कमी जाणाऱ्याने बूट विकत घ्यावा आणि स्की भाड्यानेच घ्यावी. भाड्याच्या दुकानात दर दिवशी निराळी कंबर मागून पाहावी, तेच त्याचे शिक्षण. घ्यायचीच असेल तर हंगामाच्या शेवटी, मार्च-एप्रिलमध्ये, त्या वर्षीचा माल उतरत्या भावाने निघतो तेव्हा घ्यावी. नव्या वर्षी पुष्कळदा त्याच स्कीवर फक्त रंग बदलतो.

आणि बुटाचा तळवा व बांधणी एकमेकांना चालतात का, हे विचारल्याशिवाय दुकान सोडू नका. जुना सपाट तळवा आणि हल्लीचा चालायला सोयीचा, किंचित गोल व रबरी तळवा या दोन निराळ्या चीजा आहेत; प्रत्येक बांधणी दोन्हींना चालत नाही. कळ बसवणाऱ्या कारागिराकडून तिचे आकडे आणि तुम्ही सांगितलेला प्रकार लिहिलेला कागद मागून घ्यावा, आणि दर हिवाळ्याच्या सुरुवातीला वजन पुन्हा सांगून तो आकडा तपासून घ्यावा. दिवाळीनंतरचे वजन सांगा, आधीचे नको.