मधुमेह आणि जीवनसत्त्वाची गोळी

मधुमेह जडला कीं घरांत औषधांच्या मागोमाग जीवनसत्त्वांच्या गोळ्याही येतात. कोणी आप्त सुचवितो, कोणी जाहिरात वाचतो, आणि ‘गुण आला तर आला, अपाय तर नाहीं?’ एवढ्या समजुतीवर ती बाटली फडताळांत कायमची विराजमान होते. ही समजूत तपासून पाहण्यासारखी आहे. त्यासाठीं शरीरांतील पेशीपर्यंत जावें लागतें.

साखर हें पेशीचें जळण. स्नायूंच्या पेशींना ती आंत घेण्यास इन्सुलिनची परवानगी लागते. परंतु डोळ्याच्या पडद्यांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या, मूत्रपिंड आणि मज्जातंतू यांच्या पेशींना ती फारशी लागत नाहीं. रक्तांत साखर वाढली कीं ती त्यांच्यांत निमूट शिरते. चुलींत जळण कोंबलें म्हणजे धूर दाटतो, तशीं या पेशींत प्राणवायूचीं दाहक संयुगें दाटतात. अमेरिकन शास्त्रज्ञ मायकेल ब्राउनली यांनीं २००१ सालीं ही उपपत्ति एकत्र गुंफून मांडली. आतां ‘ई’ आणि ‘क’ हीं जीवनसत्त्वें अशा संयुगांना निष्प्रभ करतात, हें रसायनशाळेंत दिसलेलेंच होतें. तेव्हां तीं भरपूर द्यावीं म्हणजे झालें, असा तर्क कोणालाही सुचावा.

तर्क सुंदर होता. अनुभवानें त्याला साथ दिली नाहीं. सन २००० मध्यें प्रसिद्ध झालेल्या ‘होप’ नामक प्रयोगांत साडेनऊ हजारांवर माणसांना, आणि त्यांत मधुमेही पुष्कळ, साडेचार वर्षें रोज ४०० एकक ‘ई’ जीवनसत्त्व अगर औषधरहित गोळी देण्यांत आली. हृदयविकार वा पक्षाघात यांत कांहींच फरक पडला नाहीं. याहून गंभीर गोष्ट २०१० सालीं कानडांत उघडकीस आली. मधुमेहानें मूत्रपिंड बिघडलेल्या २३८ रोग्यांपैकीं कांहींना फॉलिक आम्ल, ब-६ आणि ब-१२ यांच्या मोठ्या मात्रा दिल्या होत्या. त्यांचीं मूत्रपिंडें इतरांपेक्षां अधिक वेगानें खालावलीं. हृदयाचे व मेंदूचे झटकेही त्यांनाच अधिक आले. अपाय तर नाहीं, या समजुतीला मिळालेलें उत्तर तें हें.

मग गोळी कोणालाच नको काय? तसें नाहीं, आणि येथेंच शाकाहारी घरांनीं अधिक लक्ष द्यावें.

ब-१२ हें जीवनसत्त्व वनस्पति तयार करीत नाहींत, प्राणीही करीत नाहींत. तें जंतूंचें काम. माणसाला तें मिळतें दूध, दहीं, अंडीं, मासे व मांस यांतून. पुण्याकडील मध्यमवयीन पुरुषांची पाहणी २००६ सालीं प्रसिद्ध झाली. तींत सुमारें दोन तृतीयांशांच्या रक्तांत तें कमी आढळलें. अशा माणसाला मधुमेह होतो आणि मेटफॉर्मिन सुरू होतें. हें औषध गुणाचें आहे. स्थूल मधुमेह्यांतील मृत्यूंचें प्रमाण त्यानें घटतें, हें ब्रिटनमधील प्रदीर्घ प्रयोगांत १९९८ सालीं दिसलें. परंतु आंतड्यांतून होणारें ब-१२ चें शोषण तें मंदावतें. नेदरलँड्समध्यें ३९० रोग्यांवर चार वर्षांहून अधिक काळ चाललेल्या प्रयोगांत तें औषध घेणाऱ्यांचें ब-१२, न घेणाऱ्यांच्या तुलनेनें, १९ टक्क्यांनीं उतरलें. यकृतांत वर्षानुवर्षांची शिल्लक असते, म्हणून ही गळती लवकर ध्यानांत येत नाहीं.

शिल्लक सरली म्हणजे मज्जातंतूंवरील आवरण झिजूं लागतें. तळव्यांना मुंग्या येतात, आग होते. पुढें पाय बधिर होतात, अंधारांत तोल जातो. आणि खुद्द मधुमेहही अगदीं हींच लक्षणें दाखवितो! मग घरचीं माणसें ‘गोड खाल्लें असेल’ म्हणून रोग्यालाच बोल लावतात. वास्तविक साखरेनें दुखावलेला तंतू सहसा पूर्ववत् होत नाहीं. ब-१२ च्या अभावीं दुखावलेला मात्र, वेळेवर ओळखला तर, पुष्कळसा सांवरतो. उशीर झाला तर पंगुत्व उरतें. नुसतें फॉलिक आम्ल घेणारा तर दुहेरी फसतो: त्याचा पंडुरोग हटतो, रक्त बरें दिसतें, आणि तंतूंचा नाश आंतल्या आंत चालूच राहतो.

ब्रिटनच्या औषध-नियंत्रकांनीं २०२२ सालीं सूचना दिली, ती याचसाठीं: मेटफॉर्मिन घेणाऱ्याला अशीं लक्षणें दिसलीं तर ब-१२ तपासावें, आणि ज्यांना धोका अधिक त्यांचें अधूनमधून तपासत राहावें. मेटफॉर्मिन आपल्या मनानें बंद करूं नये. उणीव ठरली तर वैद्य ब-१२ गोळीनें किंवा टोंचून देतात. मात्र रक्त तपासावयाचें तें गोळी सुरू करण्यापूर्वींच. आठवडाभर गोळ्या घेऊन मग तपासलें तर आंकडा भरलेला दिसतो आणि मूळची उणीव कागदावर उमटतच नाहीं.