समुद्राला सातबारा नसतो

(अमरावती-अकोला भागातील महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)

मैत्रिणींनो,

विस्थापन म्हटलं की आपल्या वऱ्हाडातल्या बाईच्या डोळ्यांसमोर धरण येतं, नाहीतर मेळघाटातून उठवलेलं गाव. आज मी मात्र समुद्रकाठच्या एका लहान गावाबद्दल बोलणार आहे. आपल्यापैकी अनेकींनी समुद्र पाहिलेलाही नसेल. पण त्या गावातल्या बायांचा प्रश्न ऐकलात, तर तो आपलाच आहे हे तुमच्या लक्षात येईल.

गावाचं नाव वाढवण. पालघर जिल्ह्यातला डहाणू तालुका, म्हणजे महाराष्ट्राच्या किनाऱ्याचं अगदी उत्तर टोक. तिथून पुढे थोड्याच अंतरावर गुजरात लागतो. वाढवण, वरोर, धाकटी डहाणू, चिंचणी ही एकमेकांना लागून असलेली गावं. मच्छीमार, आदिवासी, बागायतदार अशी मिश्र वस्ती. इथला किनारा सिनेमात दिसतो तसा वाळूचा नाही. काळा, खडबडीत खडक समुद्रात दूरवर पसरलेला आहे. भरतीला तो पाण्याखाली जातो आणि ओहोटीला उघडा पडतो. त्यात खड्डे, कपारी आणि डबकी आहेत. माशांची पिल्लं तिथे आसऱ्याला येतात, कालवं खडकाला चिकटून वाढतात, चिंबोऱ्या कपारीत दडतात. मोठ्या लाटेचा जोरही याच खडकावर मोडतो, म्हणून गाव सुरक्षित राहतं.

हा खडक बायांचा आहे. कागदावर नव्हे, कामाने. होडी घेऊन खोल समुद्रात जातो तो पुरुष. ओहोटीच्या वेळी खडकावर उतरते ती बाई. एका हातात टोपली, दुसऱ्या हातात लोखंडी टोकदार हत्यार. ती कालवं फोडते, शिंपल्या वेचते, कपारीतून चिंबोरी काढते, डबक्यातली कोलंबी धरते. त्यासाठी होडी लागत नाही, डिझेल लागत नाही, परवाना लागत नाही. अनुभव मात्र लागतो. पुनव-अमावस्येला उधाण असतं, तेव्हा पाणी खूप आत जातं आणि एरवी न दिसणारा खडकही उघडा पडतो. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा पाणी फार हटत नाही. ओहोटीची वेळ रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. आज पहाटे, तर आठवड्याने दुपारी. तिचा दिवस घड्याळावर चालत नाही, तिथीवर चालतो. त्यातच स्वयंपाक, पाणी, पोरं सांभाळायची. वेचलेल्यातलं थोडं घरच्या कालवणात जातं आणि उरलेलं बाजारात. होडीवर आलेला मासा निवडणं, विकणं, बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळवणं हेही तिचंच काम. आपल्या आठवडी बाजारात सुकट-बोंबील येतात, त्यामागे अशाच कुठल्या तरी किनाऱ्यावरच्या बाईचे हात असतात.

आता या गावासमोर उभं काय आहे ते सांगते. गोष्ट नवी नाही. २० जून १९९१ ला केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. त्यानंतर काही वर्षांतच वाढवणला मोठं बंदर बांधायचा प्रस्ताव आला. पी अँड ओ नावाच्या परदेशी कंपनीचं नाव त्यात होतं. गावांनी विरोध केला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानुसार डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमण्यात आलं. त्याचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी, आपल्या विदर्भाला परिचित असलेल्या दादा धर्माधिकारींचे चिरंजीव. या प्राधिकरणाने १९९८ मध्ये निर्णय दिला की या तालुक्यात असं बंदर होऊ शकत नाही. प्रस्ताव मागे पडला.

पुढे २०१४ नंतर तो पुन्हा वर आला. जानेवारी २०१९ मध्ये धर्माधिकारी वारले. ३१ जुलै २०२३ ला त्याच प्राधिकरणाने बंदराला मंजुरी दिली. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. १९ जून २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मान्यता दिली आणि ३० ऑगस्टला पंतप्रधानांच्या हस्ते पालघरला पायाभरणी झाली. प्रकल्पात ७४ टक्के वाटा जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा आणि २६ टक्के महाराष्ट्र सागरी मंडळाचा आहे. समुद्रात भराव घालून १,४४८ हेक्टर जमीन तयार करायची आणि दहा किलोमीटरपेक्षा लांब लाटरोधक भिंत बांधायची, असा बेत आहे. या ठिकाणी किनाऱ्याजवळच समुद्र नैसर्गिकरीत्या खोल आहे. फार मोठी जहाजं थेट लागू शकतात, म्हणून हीच जागा हवी, असं सरकार म्हणतं. सुमारे १२ लाख लोकांना प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष रोजगार मिळेल, असाही दावा आहे.

आणि सरकारचं आणखी एक म्हणणं आहे. ते आपण नीट ऐकलं पाहिजे. ते म्हणतात, हे बंदर समुद्रात भराव घालून होणार आहे, त्यामुळे त्यासाठी कुठलंही गाव उठणार नाही. रस्ता आणि रेल्वेसाठी जी जमीन लागेल तिचा मोबदला मिळेल.

बायांनो, माझा आजचा मुद्दा इथेच आहे. गाव जागेवर राहील हे क्षणभर मान्य करू. घर राहील, तुळशीवृंदावन राहील, रेशनकार्डावरचा पत्ताही तोच राहील. पण पाण्याचे प्रवाह बदलले, खडकावर गाळ बसला किंवा खडकाकडे जायची वाटच बंद झाली, तर त्या बाईचं काम राहील का? घर न हलताही बाई विस्थापित होऊ शकते. ज्याचा सातबारा आहे त्याचं नुकसान मोजायची पद्धत आहे. ज्याची होडी नोंदलेली आहे त्याच्यासाठीही काही तरी पद्धत आहे. समुद्राला सातबारा नसतो, आणि भरती-ओहोटीच्या मधल्या खडकावर चालणाऱ्या कामाला परवाना नसतो. मग तिथलं नुकसान कुठल्या रकान्यात लिहिणार?

समाजकार्याच्या शिक्षणात आम्हाला सर्वेक्षणाचा फॉर्म भरायला शिकवलं. पहिला रकाना कुटुंबप्रमुखाचं नाव. दुसरा त्याचा व्यवसाय. मग कुटुंबातल्या इतरांची नावं, वयं आणि शिक्षण. आपल्याकडेही पहा. सर्वेक्षणवाला दारात येतो आणि विचारतो, "बाई काय करतात?" घरातला पुरुष सांगतो, "काही नाही, घरीच असते." ती बाई त्याच दिवशी सकाळी कापूस वेचून आलेली असते, नाहीतर भारा आणून आत चूल पेटवत असते. फॉर्मवर लिहिलं जातं, 'गृहिणी'. कोळणीच्या फॉर्मवरही तेच होणार. नवऱ्याच्या नावापुढे 'मच्छीमार', तिच्या नावापुढे 'गृहिणी'. पुढे भरपाईची यादी याच फॉर्मवरून बनते. अन्याय त्या वेळी होत नाही, तो आधीच या एका शब्दात झालेला असतो.

कायदा काय म्हणतो? २०१३ च्या भूसंपादन कायद्यात 'बाधित कुटुंब' याची व्याख्या बरीच रुंद आहे. आधीची तीन वर्षं ज्यांचं मुख्य पोट जंगलावर किंवा पाण्यावर चालतं, अशी वनोपज गोळा करणारी, मासेमारी करणारी, होडी चालवणारी कुटुंबंही तिच्यात येतात. याच कायद्याने विधवा, घटस्फोटित आणि टाकून दिलेल्या बाईला स्वतंत्र कुटुंब मानलं आहे. परित्यक्तांच्या प्रश्नावर महाराष्ट्रातल्या बायांनी किती वर्षं घसा कोरडा केला, ते इथल्या जुन्या कार्यकर्त्यांना माहीत आहे. पण हा कायदा जमीन संपादन होते तेव्हा लागतो. समुद्राचा तळ तर सरकारचाच समजला जातो. जिथे संपादनच नाही तिथे बाधित कुणाला म्हणायचं? ही मोठी फट आहे. ठाण्याच्या खाडीवरील पुलाच्या प्रकरणात २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पारंपरिक मच्छीमारांचा उपजीविकेचा हक्क मानला. त्यानंतर २०२३ मध्ये राज्य सरकारने मच्छीमारांच्या भरपाईचं धोरण आणलं. दार किलकिलं झालं आहे. पण त्या दारातून बाई स्वतःच्या नावाने आत जाणार की नवऱ्याच्या मागे उभी राहणार, हे यादी बनतानाच ठरणार आहे.

तिथल्या लोकांना भीती उगाच वाटत नाही. शेजारीच तारापूर आहे. अणुवीज प्रकल्पाच्या तिसऱ्या-चौथ्या संचासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावं उठली. त्यांच्या पुनर्वसनाचे वाद कोर्टात वर्षानुवर्षं चालले. हे सारं वाढवणच्या बायांनी जवळून पाहिलं आहे. म्हणून वाढवण बंदर विरोधी संघर्ष समितीच्या मोर्चांत, मानवी साखळ्यांत बाया पुढे दिसतात. पण मोर्चात पुढे असणं वेगळं आणि वाटाघाटीच्या टेबलावर असणं वेगळं. पहिल्या ठिकाणी आपण नेहमी असतो. दुसऱ्या ठिकाणी फार क्वचित.

कुणी म्हणेल, बंदर झालं तर नोकऱ्या मिळतील, बायांनी कालवंच फोडत राहायचं का? प्रश्न रास्त आहे. ते काम कष्टाचं आहे. पाय कापतात, कंबर धरते. त्यातून सुटका नको असं मी म्हणत नाही. पण कंटेनर हलवणाऱ्या यंत्रावर पन्नाशीच्या, शाळेत न गेलेल्या बाईला कोण बसवणार? पोराला पहारेकऱ्याची नोकरी मिळाली तरी पगार पोराच्या हातात येतो. आज कालवं विकून येणारे चार पैसे तिच्या पदराच्या गाठीत असतात. औषधपाणी, मुलीची फी, माहेरी जायचं भाडं त्या गाठीतून निघतं. घराचं उत्पन्न वाढूनही बाईची गाठ रिकामी होऊ शकते. हा हिशेब कुठल्याच प्रकल्प अहवालात नसतो.

आता आपल्याकडे येऊ. मेळघाटातल्या कोरकू बाईला काय माहीत असतं? मोह कधी गळतो, तेंदूची पानं कधी तोडायची, चारोळी कधी पिकते. ती तिथीवर चालते तशी ही ऋतूवर चालते. व्याघ्र प्रकल्पातून गावं उठून अकोट-तेल्हारा तालुक्यांत आली. पॅकेज कुटुंबामागे मोजलं गेलं. पैसे आले, पण मोह आला नाही. पुनर्वसन झालेल्यांपैकी काही कुटुंबं नाराज होऊन पुन्हा जंगलात परतली आणि जानेवारी २०१९ मध्ये तिथे मोठा संघर्ष झाला, हे आपण सगळ्यांनी वाचलं आहे. पॅकेजच्या रकमेत जंगलातून वेचून आणलेल्या सरपणाचा, भाजीचा, डिंकाचा हिशेब कुणी धरला होता?

आणि याच जिल्ह्यात उलट उदाहरणही आहे. पायविहीर या गावाला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. ग्रामसभेने जंगल राखलं, तेंदूपत्ता आणि सीताफळं स्वतः विकली. २०१४ मध्ये गावाला जैवविविधतेचा पुरस्कारही मिळाला. फरक कशाने पडला? वेचण्याच्या कामाला कागद मिळाला. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपज गोळा करणं हा हक्क म्हणून लिहिला आहे, वैयक्तिक दावा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो आणि वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश बाया असाव्या लागतात. जंगलासाठी लढून असा कायदा मिळवता आला. समुद्राच्या काठासाठी तसा कायदा अजून नाही. किनाऱ्यावरच्या संघटना तो मागत आहेत, आणि आपण जंगल-शेतीवाल्या बायांनी त्यांच्या मागणीत आवाज मिसळला पाहिजे.

आपल्याकडून काय होऊ शकतं, ते थोडक्यात सांगते.

पहिलं, प्रकल्प येण्याची वाट न बघता आपापल्या गावात बायांच्या कामाची यादी करा. कोण काय वेचते, किती दिवस, कुठून आणि ते कुठे विकते. साध्या वहीत, तारखेसह लिहा. ग्रामसभेत वाचून ठरावात घ्या. उद्या सर्वेक्षणवाला आला की 'गृहिणी' लिहायच्या आधी ही वही त्याच्यासमोर ठेवता येईल.

दुसरं, सहकारी संस्थेचं सभासदत्व, रेशनकार्ड, बँकेचं खातं यांवर बाईचं स्वतःचं नाव आणा. परित्यक्ता आणि एकट्या बायांची नावं आधी घ्या. त्याच पहिल्यांदा गळतात.

तिसरं, वाढवणच्या बायांना पत्र पाठवू. आपण समुद्र पाहिलेला नाही, पण वेचणाऱ्या बाईचं काम आपल्याला कळतं, एवढं त्यात लिहू. मच्छीमारांच्या भरपाईत हाताने वेचणाऱ्या बायांची स्वतंत्र नोंद व्हावी, अशी मागणी प्रत्येक मंडळाने ठराव करून मत्स्यव्यवसाय खात्याकडे पाठवावी. मसुदा मी आणला आहे. जेवणाच्या सुट्टीत तो वाचून घ्या आणि दुरुस्त्या सुचवा. संध्याकाळच्या सत्रात आपण तो पक्का करू.

एवढं बोलून मी थांबते.