कारभार तरुणांच्या हाती



शिक्षक आणि ग्रंथालय-कार्यकर्ते यांच्या या संमेलनाचे अध्यक्षपद ठाण्यासारख्या नगरीत आपण मला दिलेत, याबद्दल कृतज्ञता व्यक्त करून मी विषयाकडे वळतो. येथील ज्या वागळे इस्टेटीत एके काळी पाळीपाळीने कारखान्यांचे भोंगे वाजत, तेथे आज संगणकावर काम करणाऱ्यांच्या कचेऱ्या आहेत. त्या जागी उद्या काय असेल, हे कोणासही छातीठोकपणे सांगता येणार नाही. परंतु दुसऱ्याचे म्हणणे पुरते ऐकून घेणे, मतभेद असूनही एका मेजाभोवती बसून काम तडीस नेणे, नकार पचवणे, या गुणांवाचून तेव्हाही कोणाचे चालणार नाही. त्यांना हल्ली सॉफ्ट स्किल्स म्हणतात, आणि त्यांचे वर्गही गल्लोगल्ली भरतात. माझे मत असे आहे की, हे गुण शिकवणीने क्वचित आणि कारभाराने हमखास अंगी येतात.

दाखला याच गावचा आहे. पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’कार म्हणून कीर्ती पावलेले विनायक लक्ष्मण भावे यांचा जन्म १८७१ चा, आणि त्यांच्या पुढाकाराने ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले ते १८९३ साली, म्हणजे ज्या वयाच्या मुलाला आपण आज बँकेत एकट्याने पाठविण्यास कचरतो, त्या वयात या गृहस्थाने सार्वजनिक संस्था उभारण्याची जोखीम पत्करली. वर्गणी मागण्यासाठी अनोळखी दारे ठोठावणे, जमाखर्च चोख ठेवणे, रुसलेल्या सभासदाची समजूत घालणे, हे असल्या कामात कोणालाच चुकत नाही.

दुसरा दाखला अलीकडचा आहे, आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो. रत्नाकर मतकरी यांच्या कल्पनेतून, समता विचार प्रसारक संस्थेच्या सहकार्याने, ठाण्यात २०१४ पासून ‘वंचितांचा रंगमंच’ हा उपक्रम सुरू झाला. लोकवस्त्यांतील मुले आपल्याच जगण्यातले विषय निवडून नाटिका रचतात आणि सादर करतात; जाणते रंगकर्मी मार्गदर्शनापुरते पाठीशी असतात. अशा तालमीत काय घडते, ते पाहा. बापाच्या व्यसनाने पोळलेल्या मुलाच्या वाट्याला त्याच बापाची भूमिका येते, आणि ती वठवायची तर त्या माणसाच्या मनात शिरण्यावाचून गत्यंतर नसते; घरात कधी तोंड न उघडलेल्या मुलीला शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असा आवाज काढावा लागतो, आणि ऐनवेळी सोबती वाक्य विसरला तर त्याला सांभाळूनही घ्यावे लागते. सहानुभूतीवर दिलेल्या शंभर व्याख्यानांनी हे साधेल, असे मला वाटत नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत व्याख्यानमालांची परंपराही जुनी आहे. अशा प्रत्येक संस्थेने वर्षातील एक व्याख्यानमाला वक्त्याच्या निवडीपासून हिशेबाच्या शेवटच्या पावतीपर्यंत पंचविशीच्या आतील मुलामुलींच्या स्वाधीन करावी. वक्ता आयत्या वेळी आला नाही, तर श्रोत्यांची माफीही त्यांनीच मागावी, आणि आपण ज्येष्ठांनी समोरच्या खुर्च्यांवर बसावे. पहिल्या वर्षाचा खर्च या संमेलनाच्या शिलकेतून मंजूर व्हावा, असा ठराव मी उद्याच्या खुल्या अधिवेशनापुढे मांडणार आहे.