सरळ पायाचे मोजमाप

‘गुडघा बदलला’ असे बोलण्यात सहज येते. परंतु जुना सांधा उचकटून त्या जागी दुसरा बसविला, असे या शस्त्रक्रियेत घडत नाही. मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीच्या हाडाचा माथा यांचे सुमारे ८ ते १० मिलिमीटर जाडीचे थर कापावयाचे, त्यांवर धातूचे आवरण चढवावयाचे आणि मधे कठीण प्लॅस्टिकचा तुकडा ठेवावयाचा, एवढाच तो प्रकार. झिजलेल्या दाढेवर टोपी बसवितात, तसा. धातूची आणि प्लॅस्टिकची पारख आता बरीचशी झालेली आहे. काप कोणत्या कोनात घ्यावयाचा, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही.

कोन मोजावयाचा तर आधी रेषा हवी. खुब्याच्या गोळ्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत दोरा ताणला, तर तो गुडघ्याच्या मध्यावरून जावा, ही शस्त्रवैद्यांची जुनी कसोटी होय. गवंड्याच्या ओळंब्याचेच हे भावंड. पण मांडीचे हाड या दोऱ्याला धरून चालत नाही. ते सामान्यतः ५ ते ७ अंशांनी कललेले असते आणि हा कल माणसागणिक निराळा असतो. शिवाय शस्त्रक्रियेच्या वेळी खुबा मांसाखाली दडलेला; उघडा दिसतो तो केवळ गुडघा. म्हणून मांडीच्या हाडाच्या पोकळीत लांब सळई घालून तिच्या आधाराने कोन धरण्याची रीत पडली. गुडघ्यापासून खुब्यापर्यंतचे अंतर ४० सेंटिमीटर धरले, तर खाली झालेली १ अंशाची चूक वर पोहोचेपर्यंत ७ मिलिमीटरांची होते, आणि ३ अंशांची २१ मिलिमीटरांची.

हे ३ अंश पुढे जवळजवळ कायदाच होऊन बसले. जेफरी, मॉरिस आणि डेनहॅम या इंग्लंडमधील शस्त्रवैद्यांनी १९९१ साली ११५ गुडघ्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. ती रेषा कृत्रिम सांध्याच्या मधल्या तृतीयांशातून गेली होती, तेथे सांधा सैल होण्याचे प्रमाण ३ टक्के भरले. बाहेरून गेली होती, तेथे २४ टक्के. आकडे बोलके होते आणि त्यांचा दरारा बसला. पण २०१० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या वैद्यांनी ३९८ गुडघे १५ वर्षांनंतर तपासले, तेव्हा ३ अंशांच्या आत बसविलेले सांधे बाहेरच्यांहून अधिक टिकल्याचे आढळले नाही. २०१२ साली बेल्जियममधील बेलेमन्स यांनी तर निरोगी तरुण-तरुणींचेच पाय मोजले. पुरुषांपैकी ३२ टक्के व स्त्रियांपैकी १७ टक्के यांचे पाय मुळातच ३ अंश किंवा अधिक बाहेर बाकदार निघाले. ज्याचा पाय जन्मभर असा चालला, त्याला म्हातारपणी ओळंब्यात उभे करावे काय? काही वैद्य आता ज्याचा त्याचा मूळ बाक राखतात. फार वाकडा बसविलेला सांधा निभावतो, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. ३ अंशांची सीमा म्हणजे दगडी कुंपण नव्हे, इतकेच.

आणि ते अंश मोजावयाचे कशावर? क्ष-किरण चित्रावर. ते चित्र म्हणजे अखेर सावली. सरळ पाय थोडा आत-बाहेर वळला, तरी सावली फारशी फसवीत नाही. परंतु गुडघा १५ अंश वाकलेला असेल आणि पायही २० अंश वळलेला असेल, तर पायात बाक नसतानाही सावलीत सुमारे ५ अंशांचा बाक उमटतो. हा साध्या भूमितीचा हिशेब आहे. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस रुग्णाला गुडघा पूर्ण ताणता येत नाही, आणि चित्र अनेकदा नेमके त्याच दिवसांत काढतात! सी.टी. चित्रात वळणाचा हा घोटाळा टळतो. मात्र तेथे रुग्ण आडवा असतो, पायावर भार नसतो, आणि किरणांची मात्राही वाढते. उभ्या माणसाची समोरून व बाजूने एकदम, थोड्या किरणांत चित्रे घेणारे ईओएस यंत्रही निघाले आहे. १९९२ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे जॉर्ज शार्पाक यांच्या कणशोधक यंत्रातून ते उपजले.

संगणकाने वेगळीच वाट काढली. १९९७ साली फ्रान्समधील ग्रेनोब्ल येथे तिचा पहिला प्रयोग झाला. हाडांना खुणेचे ठोकळे जोडून वैद्य मांडी गोल फिरवितो. ठोकळ्याच्या फिरण्यावरून संगणक खुब्याचा मध्य काढतो. घोट्याचा मध्य दोन्ही बाजूंच्या हाडांना सुईने स्पर्श करून कळतो. चित्राची गरजच उरत नाही. कोनातील ठळक चुका यामुळे खचित घटल्या. चालणे-उठणे मात्र त्याच प्रमाणात सुधारले, असे सर्वत्र दिसलेले नाही. कारण सांध्याचे सुख कोनाइतकेच दोन्ही बाजूंच्या स्नायुबंधांच्या ताणावर अवलंबून असते, आणि तो ताण क्ष-किरणांना दिसत नाही. जाहिरातींतील ‘यंत्रमानवाची अचूकता’ वाचताना ती कोनापुरती आहे, हे ध्यानी असलेले बरे.

रुग्णाच्या हाती चित्र येते, तेव्हा त्याला वा त्याच्या मुलाबाळांना थोडे पाहता येईल. एकट्या गुडघ्याच्या आखूड चित्रावरून ती रेषा काढता येत नाही. खुबा आणि घोटा दोन्ही त्यात हवेत. चित्र उभ्याने काढले की आडवे, हे विचारावे. गुडघ्याची वाटी हाडाच्या मधोमध न दिसता एका कडेला सरकलेली दिसली, तर पाय वळलेला असण्याचा संभव असतो. मग चित्रातील अंशांवर चर्चा करण्याआधी चित्रच पुन्हा काढून घ्यावे.