वाचावे सर्वांनी, लिहावे एकीने
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी संगणकाविषयी चार शब्द बोलण्याचे धाडस करते, कारण प्रश्न आपल्या पैशांचा आहे. मंडळाच्या बचतीचा हिशेब आता कार्यालयातल्या संगणकावर असतो, आणि त्याला जोडलेल्या दुसऱ्या संगणकांवरूनही तो उघडतो. काहीजणी म्हणतात, खजिनदारबाईंखेरीज तो कोणाला दिसूच नये. काहीजणी म्हणतात, सगळे सगळ्यांना मोकळे ठेवा. मला दोन्ही पटत नाही.

माझ्या भाच्याने मला यातली रीत समजावून दिली. १९६९ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची प्रणाली रचावयास घेतली. तीत प्रत्येक फाईलवर तिघांचे हक्क नोंदलेले असतात: मालकाचे, गटाचे आणि इतरांचे. वाचण्याचे गुण ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. मालकाला ४ आणि २ मिळून ६, गटाला ४, परक्याला शून्य, झाले ६४०. भगिनींनो, आपल्या हिशेबाला हाच आकडा शोभतो! फाईल उघडेना म्हणून वैतागून कोणी ७७७ केले, तर तिन्ही हक्क सर्वांनाच मिळाले म्हणून समजा.

फाईलीबरोबर फोल्डरही पाहावा लागतो. युनिक्समध्ये फोल्डरवर लिहिण्याचा हक्क असला, की आतली फाईल सहसा पुसूनही टाकता येते. मग त्या फाईलीत लिहिण्याची मनाई का असेना.

आपले संगणक विंडोजचे. तिथे आकड्यांऐवजी नावापुढे खुणा करायच्या. दुसऱ्या संगणकावरून येणारीला वाड्यासारखी दोन दारे लागतात: सामायिक फोल्डरची परवानगी हा दिंडीदरवाजा, आणि फाईलची परवानगी हे आतल्या खोलीचे दार. दोहोंत जी कडक, तीच चालते.

मात्र यंत्राला माणूस कळत नाही, नाव आणि पासवर्ड कळतो. सगळ्याजणी एकच पासवर्ड वापरू लागल्या, तर कोणी काय बदलले ते कसे कळणार? ज्याची त्याची किल्ली वेगळी हवी.

आणि वाचण्याचा हक्क सर्वांना का? ज्या हाताला लिहिण्याची मुभा आहे, त्याची चूक यंत्र अडवीत नाही. शंभराचे दहा झाले, तर ते जिचे पैसे, तिच्याच नजरेस येणार. यात खजिनदारबाईंवर अविश्वास नाही. उलट त्यांच्या डोक्यावरचा भार हलका होतो.

येत्या सभेत याचा विचार व्हावा, एवढे सुचवून मी आपली रजा घेते.