मैदान पारखावे कसे?



बाजारात बैल घ्यायला गेलो तर आपण त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. शिंगांना रंग दिला आहे आणि पाठीवर झूल आहे एवढ्यावरून कोणी इसार देत नाही. आजच्या भाषणात अशीच पारख एका खेळाच्या मैदानाची करायची आहे. खेळ आहे गोल्फ.

तुम्ही म्हणाल, गोल्फ हा साहेबलोकांचा खेळ, त्याचा आमच्याशी काय संबंध? संबंध आहे. हा खेळ जमिनीवर अवलंबून आहे, आणि जमिनीची नजर तुमच्याइतकी कोणाला आहे? शिवाय शिक्षकमंडळी मुलांना घेऊन सहलीला मुंबईला येतात. उपनगरांतून जाताना इमारतींच्या गर्दीत एकदम मोठे हिरवे रान दिसते आणि मुले विचारतात, "गुरुजी, हे कशाचं शेत?" त्या प्रश्नाला नीट उत्तर हवे.

प्रथम खेळ समजून घेऊ. गोट्या खेळताना अंगणात आपण लहानसा खळगा करतो. गोल्फमध्येही तसाच खळगा असतो, सव्वाचार इंच रुंदीचा. फरक एवढाच की तो शे-दीडशेपासून पाचशे मीटरपर्यंत दूर असतो, आणि काठीने मारत मारत चेंडू कमीत कमी फटक्यांत त्यात घालायचा असतो. असे अठरा खळगे खेळले की एक डाव पुरा. जिथून पहिला फटका मारतात ती टी, मधला कापलेल्या गवताचा पट्टा तो फेअरवे, खळग्याभोवतीची मऊ हिरवळ ती ग्रीन, आणि वाटेत मुद्दाम ठेवलेले वाळूचे खड्डे ते बंकर.

या खेळाचे माहेरघर म्हणजे स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज हे गाव. तिथे समुद्र आणि शेते यांच्यामध्ये वाळूची पड जमीन होती. नांगराला निरुपयोगी, मेंढ्यांना मात्र चांगली. वाऱ्यापासून आडोसा घेताना मेंढ्यांनी वाळूत जे खळगे केले त्यांचेच पुढे बंकर झाले, असे म्हणतात. तिथे पूर्वी बावीस खळग्यांचा डाव होता, तो १७६४ साली अठरांवर आला आणि पुढे तोच जगाचा रिवाज झाला.

आता पारखीकडे वळू. मैदान पाहायला गेलात तर चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न जमिनीचा. मैदान जमिनीच्या अंगाने आखले आहे की जमीन मोडून-तोडून? दिल्लीच्या गोल्फ क्लबात झाडीमध्ये जुन्या घुमटांच्या इमारती आहेत. त्या पाडून मैदान सपाट केले नाही, त्यांना धरूनच खेळाची वाट काढली. आपल्याकडे नवी मुंबईत खारघरला सिडकोने डोंगरांच्या कुशीत मैदान उभारले. तिथला उतार, तिथले पावसाळी ओहोळ हाच त्या मैदानाचा स्वभाव आहे. असे मैदान दुसरीकडे उचलून नेता येत नाही. जे कुठेही चालले असते, ते पाहायला लांबून जाण्याचे कारण नाही.

दुसरा प्रश्न डोक्याचा. मैदान खेळणाऱ्याला विचार करायला लावते की नुसते दंडाचे बळ मागते? पुष्कळ लोक लांबीवर भुलतात. लांबी हा गुण नव्हे. सेंट अँड्र्यूजचा सतरावा खळगा पाहा. तिथे उजव्या हाताला एका हॉटेलचे आवार आहे. त्या आवाराच्या कोपऱ्यावरून चेंडू मारण्याचे धाडस केले तर पुढची वाट सोपी होते. डावीकडून सुरक्षित जावे, तर ग्रीनच्या तोंडाशी खोल बंकर आडवा येतो आणि ग्रीनच्या मागे थेट रस्ता. म्हणजे धाडसी माणसालाही वाट आहे आणि सावध माणसालाही, पण दोघांना किंमत मोजावी लागते. ज्या मैदानात अशी निवड वारंवार करावी लागते, ते चांगले समजावे.

तिसरा प्रश्न पाण्याचा. मुंबईच्या उपनगरांत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पुढचे आठ महिने कोरडे. श्रावणात कोणताही माळ हिरवागार दिसतो, त्यात नवल नाही. म्हणून मैदान दोनदा पाहावे. एकदा भर पावसाळ्यात, पाण्याचा निचरा किती लवकर होतो ते पाहायला. आणि एकदा वैशाखात, हिरवळीला पाणी कुठून येते ते विचारायला. विहिरीचे की नळाचे, की सांडपाणी शुद्ध करून वापरलेले? गावात टँकरची वाट पाहणाऱ्या माणसाला हे विचारण्याचा हक्क आहे. आणि हिरवेपणा म्हणजे चांगलेपणा हे तरी कोणी ठरवले? २०१८ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमध्ये कार्नूस्टी येथे ब्रिटिश ओपन ही मानाची स्पर्धा वाळून पिवळ्या पडलेल्या गवतावर झाली. खेळ काही अडला नाही. टणक जमिनीवर चेंडू दूरवर घरंगळत जाई आणि खेळणाऱ्यांचा कस लागला.

चौथा प्रश्न माणसांचा, आणि माझ्या मते हा सर्वांत मोठा. हे मैदान कोणासाठी आहे? लहान मुले, स्त्रिया, म्हातारी माणसे यांना जवळून सुरुवात करता यावी म्हणून पुढच्या टी ठेवल्या आहेत का? खेळणाऱ्याच्या काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या पोरांना कॅडी म्हणतात. त्या पोरांना कधी स्वतः खेळायला मिळते का? दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून वाढलेल्या अली शेर यांनी १९९१ साली इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकली. ती जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू. पिशवी वाहणाऱ्याच्या हाती काठी पडली म्हणून हे घडले. आणि सेंट अँड्र्यूजचे ते जगप्रसिद्ध मैदान? १५५२ सालच्या एका सनदेने त्या जमिनीवरचा गावकऱ्यांचा हक्क मान्य झाला. आजही रविवारी तिथे एरवी खेळ बंद असतो आणि गावातली माणसे मुलाबाळांसह त्यावर फिरायला येतात.

आता हीच फूटपट्टी घेऊन आपल्या उपनगरात येऊ. घाटकोपरच्या दक्षिणेला चेंबूर आहे. तिथे बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचे अठरा खळग्यांचे मैदान आहे. क्लब १९२७ सालचा. पुढे त्याची नवी आखणी ऑस्ट्रेलियाच्या पीटर थॉमसन यांच्याकडून झाली. हे थॉमसन ब्रिटिश ओपन पाच वेळा जिंकलेले, आणि आपल्याकडची पहिली इंडियन ओपन १९६४ साली त्यांनीच जिंकली. म्हणजे आखणाऱ्याच्या हाताबद्दल शंका नको. पण हा सभासदांचा क्लब आहे. आधी परवानगी घेतल्याशिवाय सहल घेऊन दाराशी जाऊ नये.

इथे प्रामाणिक हिशेब मांडला पाहिजे. एवढ्या दाट वस्तीत थोड्यांसाठी एवढी मोठी जमीन, हे मनाला खटकते. ज्या शाळेची पोरे गच्चीवर नाहीतर गल्लीत खेळतात, तिला ते खटकणारच. दुसरीकडे, ही जमीन मोकळी राहिली म्हणून तिथे झाडे टिकली, पाखरे टिकली आणि पावसाचे पाणी मुरायला जागा राहिली. भिंत पडून तिथे इमारती उठल्या असत्या, तर ती ना सभासदांची राहिली असती ना पोरांची. म्हणून मैदान नाहीसे व्हावे असे मी म्हणणार नाही. त्याचे फाटक वर्षातून काही दिवस तरी शाळांसाठी उघडावे, एवढे मात्र जरूर म्हणेन.

फाटक उघडले की काय होते, याचे उदाहरण नाशिकला आहे. तिथले हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान जुन्या नाशिककरांच्या तोंडी अजून गोल्फ क्लब मैदानच आहे. १९०९ साली जॅक्सनचा वध करणाऱ्या अनंत कान्हेऱ्यांचे नाव त्याला मिळाले. आता तिथे क्रिकेटचे सामने होतात, लोक फिरायला येतात. गोल्फ गेला, मैदान राहिले आणि ते गावाचे झाले.

तेव्हा कोणती मैदाने पाहण्याजोगी? खेळाची आखणी पाहायची असेल तर परवानगी काढून चेंबूर. डोंगर, पाणी आणि मैदान यांचे नाते पाहायचे असेल तर पावसाळा सरता सरता खारघर. आणि मैदान लोकांचे कसे होते ते मुलांना दाखवायचे असेल तर नाशिक.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, शेवटी एक काम सांगतो. परत गेल्यावर हेच चार प्रश्न मुलांना आपल्या शाळेच्या मैदानाबद्दल विचारा. उतार कुठे आहे? कोणता खेळ इथे चांगला रंगतो? पाणी कुठे साचते? आणि कोणते मूल रोज कडेला उभे राहते, खेळात येत नाही? उत्तरे त्यांच्याकडूनच फळ्यावर लिहून घ्या. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, तर त्याची तजवीज दुसऱ्याच दिवशी करता येईल. त्याला पैसा लागत नाही.