गुळवेल ओळखा, मगच उकळा

(वेल्हे येथे महिला बचत गटांपुढे केलेले भाषण)



तापात गुळवेलीच्या खोडाचा काढा द्यायचा, हे आपल्या वाड्यांवरच्या जुन्या माणसांना कुणी शिकवायला नको. आयुर्वेदात तिला अमृता म्हणतात. पण औषध आहे म्हणून ते कुणीही, कितीही आणि कितीही दिवस घ्यावे, असे होत नाही.

कोरोनाच्या काळात गुळवेल शहरातही घरोघर उकळू लागली. शहापूरच्या कातकरी तरुणांच्या गटाला औषध कंपन्यांकडून १ कोटी ५७ लाख रुपयांची मागणी आली. त्याच सुमारास, २०२१ मध्ये, मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने गुळवेल सुरक्षित असल्याचे सांगितले. रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती का, हे तपासलेले नाही, असे मंत्रालयाचे म्हणणे. टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची तिच्यासारखीच दिसणारी वेल यकृताला अपाय करू शकते.

म्हणून आधी ओळख पक्की करा. गुळवेलीचे पान विड्याच्या पानासारखे, खोड हिरवट, वरची साल कागदासारखी सुटणारी. आडवे कापले की चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते. दुसऱ्या वेलीचे खोड करडे, त्यावर बारीक गाठीच गाठी, आणि कापल्यावर दुधासारखा चीक. शंका आली तर तो तुकडा मोळीत घालू नका. विकत घेणारा तुमच्याच ओळखीवर विसंबून असतो. एका चुकीच्या मोळीने कुणाचे आरोग्य जाईल आणि सगळ्या वाडीची पत जाईल.

दुसरे, काढा महिनोन्‌महिने घेऊ नका. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि यकृताचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर घेतल्यास साखर फार उतरू शकते.

डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना उडाली, तर काढा त्याच दिवशी बंद करा आणि दवाखाना गाठा. पावसाळ्यात डोंगरावरून उतरणे सोपे नाही, हे मला ठाऊक आहे. तरी कावीळ घरात ठेवू नका.

आणि डॉक्टरांपासून काढा लपवू नका. ते रागावतील म्हणून आपण गप्प बसतो. पण पोटात काय गेले हे कळल्याशिवाय त्यांना योग्य उपचार करता येत नाहीत. झाडपाल्याचे ज्ञान ही आपली लाज नव्हे, ठेव आहे. ती उघडपणे सांगा.